यंत्र चालू, पण पक्ष्यांच्या नोंदी थांबल्या: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

गॅलरीत किंवा गच्चीवर पक्ष्यांचे आवाज टिपणारं यंत्र बसवलेलं आहे. त्याचं पान मोबाइलवर उघडतं, बोर्डावरचा दिवा लुकलुकतो, आणि तरीही नोंदी येत नाहीत, किंवा येतात त्या भलत्याच. पुण्यात हा बिघाड वर्षभर भेटतो, पण जून ते ऑक्टोबर या काळात सर्वांत जास्त. माझ्या आणि ओळखीच्या पक्षीनिरीक्षकांच्या घरची अशी यंत्रं मी पुन्हा पुन्हा ठीक केली आहेत. कारणं मोजकीच निघतात, आणि बहुतेक वेळा एक रुपयाही खर्च न करता सापडतात.

खालचं सगळं ज्या जोडणीबद्दल आहे ती अशी: रास्पबेरी पाय बोर्ड (तळहाताएवढा छोटा संगणक), यूएसबी साउंड कार्ड, बाहेर टांगलेला छोटा इलेक्ट्रेट माइक आणि बर्डनेट-पाय ही आवाजावरून पक्षी ओळखणारी प्रणाली. तिच्या मुळाशी असलेलं बर्डनेट कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि जर्मनीतलं केमनिट्झचं तांत्रिक विद्यापीठ यांनी विकसित केलं आहे. आवाजाचे ३ सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात कोणता पक्षी असावा, याचा ते अंदाज बांधतं. तुमची जोडणी थोडी वेगळी असली तरी तपासण्यांचा क्रम हाच ठेवा.

लक्षणं

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी गेल्या महिन्याची यादी उघडा आणि कोण गायब झालंय ते बघा. हे पहिलं काम, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं. कोण गेलं यावरून बिघाड कुठे आहे हे बरंचसं कळतं.

सगळेच पक्षी एका ठराविक तासापासून गायब असतील, कावळासुद्धा नसेल, तर आवाज बोर्डापर्यंत पोचतच नाही, किंवा विश्लेषण बंद पडलंय.

कोकिळ, भारद्वाज, कावळा, टिटवी आहेत, पण शिंजीर, फुलटोच्या, शिंपी, धोबी हे हळूहळू कमी होत संपले, तर माइक ओला झालाय किंवा त्याचं तोंड बुजलंय. वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात आणि खर्जातले टिकतात.

रातवा भर दुपारी नोंदला गेला, किंवा पहाटे ६ चा कलकलाट रात्री साडेबाराला दिसतोय, तर घड्याळ चुकलंय.

भारतात कधी न दिसणाऱ्या पक्ष्यांची नावं येतायत आणि रोजचा तांबट मात्र नाही, तर अक्षांश-रेखांश तपासायचे.

दिवसभर नोंदी येतात, पण सकाळ-संध्याकाळी घरात माणसांची वर्दळ असताना थांबतात, तर हा बिघाड नाही, एक सेटिंग आहे. त्याबद्दल पुढे.

नोंदी येतात, पण तासभर उशिरा, आणि उन्हाळ्यात हा उशीर वाढत जातो, तर बोर्ड तापतोय किंवा त्याला वीज अपुरी पडतेय.

एवढी बारकाई कशासाठी, हे आधीच सांगतो. असं यंत्र आपण बसवतो ते पाहुणे पक्षी कधी आले आणि कधी गेले हे कळावं म्हणून. यंत्र बहिरं झालं की यादीत जी रिकामी जागा उरते, ती पक्षी निघून गेल्यासारखीच दिसते. त्यातही पुण्यात वेळ अगदी वाईट जुळते. करड्या धोब्यासारखे हिवाळी पाहुणे सप्टेंबरपासून यायला लागतात. त्यांची हाक तीक्ष्ण आणि वरच्या पट्टीतली असते. तीन महिन्यांच्या पावसाने माइक सर्वांत खराब झालेला असतो तोही नेमका तेव्हाच. मग धोबी सप्टेंबरात आला तरी यंत्र त्याला नोव्हेंबरात, माइक सुकल्यावर, नोंदवतं, आणि आपण समजतो की यंदा पक्षी उशिरा आले.

१. स्वतःच्या कानाने ऐका, आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवा

खर्च शून्य. बर्डनेट-पायच्या पानावर थेट आवाज ऐकण्याची सोय आहे, आणि आवाजाचं चालतं चित्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्रामही दिसतो. कानाला हेडफोन लावा. घरातल्या कुणाला तरी माइकपासून हातभर अंतरावर किल्ल्यांचा जुडगा हलवायला सांगा आणि चित्र बघा.

किल्ल्यांच्या आवाजात फार वरच्या कंप्रतेपर्यंतचे सूर असतात, म्हणून ही चाचणी पक्ष्याची वाट बघण्यापेक्षा बरी. माइक निरोगी असेल तर चित्रात तळापासून वरपर्यंत रेघा उठतात. फक्त खालच्या भागात, ४-५ किलोहर्ट्झपर्यंतच उठल्या, तर थेट पाचव्या तपासणीकडे जा. चित्र पूर्ण काळं राहिलं तर दोष माइक, केबल किंवा साउंड कार्डात. सलग आडव्या रेघा आणि कानात ‘हूं’ असा गुणगुणाट असेल तर विजेकडून येणारा त्रास. जुडगा नीट दिसतोय, ऐकूही येतोय, तरी नोंदी नाहीत, तर माइकला हात लावू नका; दोष प्रणालीत किंवा सेटिंगमध्ये आहे.

या एका चाचणीने अर्धी शोधाशोध वाचते. तरी लोक ती टाळून सरळ सगळी प्रणाली पुन्हा बसवायला घेतात आणि त्यात जुन्या नोंदी घालवून बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

२. तारीख, वेळ, ठिकाण

हीही फुकट तपासणी. बर्डनेट फक्त आवाज ऐकून थांबत नाही. तुमचे अक्षांश-रेखांश आणि वर्षातला आठवडा बघून तिथे त्या वेळी कोणते पक्षी असू शकतात याची यादी ते आधी गाळून घेतं. या गाळणीत चूक झाली तर समोर बसून गाणारा पक्षीही यादीत येत नाही.

पुण्याचे आकडे साधारण १८.५२ उत्तर आणि ७३.८६ पूर्व. पूर्व रेखांशासमोर चुकून वजा चिन्ह पडलं की यंत्राच्या दृष्टीने तुमचं घर कॅरिबियन समुद्रात हैतीजवळ जातं. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिक समुद्रात. दोन्ही प्रकार घडतात, कारण पहिल्यांदा माहिती भरताना आपण घाईत असतो.

घड्याळाचं कारण थोडं आडवळणाचं आहे. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वेळ इंटरनेटवरून घेतली जाते. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. ती परत आल्यावर बोर्ड लगेच सुरू होतो, पण राउटरला वेळ लागतो, किंवा इंटरनेट संध्याकाळपर्यंत येतच नाही. तोवर बोर्ड वीज जाण्यापूर्वीची वेळ धरून पुढे चालतो आणि नोंदी चुकीच्या तासात पडतात. इंटरनेट आलं की हे आपोआप सुधारतं. गच्चीवर नेट नसेल तर बॅटरीचं छोटं घड्याळ-मॉड्यूल बसवून घ्या, ते स्वस्त असतं. कालविभाग भारताचाच निवडलाय ना तेही बघा. साडेपाच तासांची चूक असेल तर कारण तेच.

३. खासगीपणाचं सेटिंग आणि खात्रीची पातळी

माणसाचा आवाज आला तर तो तुकडा टाकून द्यायचा, अशी सोय बर्डनेट-पायमध्ये आहे. ती असावीच. शेजाऱ्यांच्या गप्पा साठवायचा आपल्याला काहीही हक्क नाही, आणि सोसायटीत माइक लावण्याआधी शेजाऱ्यांना सांगणं हे आपलं कामच आहे. पण तिचा आकडा जितका वाढवाल तितके जास्त तुकडे गळतात. खालच्या चौकात माणसं बोलत असतील, समोर शाळा असेल, गणेशोत्सवाचे दिवस असतील, तर सकाळचे उत्तम तासच वाया जातात. आकडा कमी करण्यापेक्षा माइक रस्त्याच्या बाजूकडून झाडांच्या बाजूला न्यावा, असं माझं मत. दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

खात्रीची पातळी, म्हणजे ओळख किमान किती पक्की असली तर नोंद करायची तो आकडा, मुळात ०.७ असते. नोंदी थांबल्या की ती ०.४ वर आणायचा मोह होतो. तसं करू नका. नोंदी येतील, पण कुकरची शिट्टी, खारीची चिकचिक आणि गाडी मागे घेतानाचा हॉर्न यांना पक्ष्यांची नावं चिकटतील, आणि खरा बिघाड झाकला जाईल.

४. वीज

आता थोडं उठावं लागेल. घरात जी पॉवर बँक असेल तिच्यावर यंत्र तासभर चालवून बघा. गुणगुणाट गेला किंवा नोंदी सुरळीत झाल्या तर दोष अ‍ॅडॅप्टरचा, केबलचा किंवा इन्व्हर्टरचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिचा गुणगुणाट ५०, १००, १५० हर्ट्झवर आडव्या रेघांसारखा दिसतो. स्वस्त इन्व्हर्टरवर घर चालू असताना तो फार वाढतो.

पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा अ‍ॅडॅप्टर लागतो. मोबाइलचा जुना चार्जर लावला की बोर्ड सुरू होतो, म्हणून तो चालला असं वाटतं. पण विश्लेषणाचा भार आला की विजेचा दाब (व्होल्टेज) उतरतो. तो साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की बोर्ड अपुऱ्या दाबाची नोंद करतो आणि वेग कमी करतो. कित्येकदा अ‍ॅडॅप्टर चांगला असतो आणि लांब, बारीक यूएसबी केबलच दाब खाते. म्हणून आधी केबल बदला, मग अ‍ॅडॅप्टर.

५. माइक: पाऊस, माती, कुंभारमाशी

पुण्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

इलेक्ट्रेट माइकच्या आत अतिशय पातळ पडदा असतो. त्याच्यावर किंवा त्याच्या जाळीवर पाण्याची पापुद्र्याएवढी थर बसली तरी बारीक सूर अडतात. मग जोराचा पाऊस थांबून ऊन पडलं की दुपारी आवाज सुधारतो, रात्री दमटपणा वाढला की पुन्हा बसतो. असं रोजचं येणं-जाणं दिसलं की ओल नक्की.

माइक काढा, यंत्र बंद करूनच. बाहेरचं फोमचं किंवा लोकरी आवरण वेगळं करा. पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवतं, म्हणून जूनमध्ये लोकरी आवरण काढून पातळ फोम लावावा. माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन दिवस ठेवा. केस वाळवायच्या यंत्राचा गरम झोत लावू नका. माइकमधला कायमचा विद्युतभार उष्णतेने कमी होतो आणि मग तो सुकला तरी कमजोरच राहतो.

माइकच्या डब्याच्या भोकात माती लिंपलेली दिसली तर ती कुंभारमाशीची. तिला माइकच्या नळीएवढं भोक घरट्यासाठी अगदी सोयीचं पडतं आणि ती ते बघता बघता बुजवते. माती ओली करून काढू नका, ओलावा आत जातो. कोरडीच, लाकडी काडीने, हलक्या हाताने उकरा, आणि तोंडावर बारीक स्टीलची जाळी बसवा. मुंग्या आणि कोळ्याची जाळी यांचंही तसंच. डब्याच्या कडेला एखाद्या पक्ष्याने घरटं बांधलं असेल तर मात्र पिल्लं उडून जाईपर्यंत माइकला हात लावायचा नाही. त्या काळातल्या नोंदी गेल्या तर जाऊ द्या.

परत बसवताना माइकचं तोंड खाली, वर छज्जा किंवा प्लास्टिकची टोपी, आणि केबल डब्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ. पाणी केबलवरून ओघळत येतं आणि झोळाच्या तळाशी ठिबकतं. झोळ नसेल तर ते सरळ आत शिरतं. खारींनी केबल कुरतडलेली नाही ना, हेही बोट फिरवून बघा.

सुकवून, साफ करूनही जुडग्याच्या चाचणीत वरचे सूर येत नसतील तर कॅप्सूल, म्हणजे माइकमधला आवाज टिपणारा मूळ भाग, गेली. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथे साधी कॅप्सूल फार थोड्या पैशांत मिळते. कमी खरखरीची चांगली कॅप्सूल महाग पडते, पण रात्री वरून उडत जाणाऱ्या पक्ष्यांच्या हाका ऐकायच्या असतील तर तीच घ्या. स्वस्त कॅप्सूलच्या स्वतःच्या खरखरीत त्या बुडून जातात.

दर वर्षी ऑगस्टच्या शेवटी, बिघाड असो वा नसो, जुडग्याची चाचणी कराच.

६. पिन आणि साउंड कार्ड

नवीन माइक लावल्यावर आवाज अगदी क्षीण किंवा शून्य असेल तर पिनवरच्या काळ्या पट्ट्या मोजा. तीन पट्ट्या म्हणजे मोबाइलची पिन. ती साध्या साउंड कार्डाच्या माइकच्या भोकात घातली की जोडणी जुळत नाही. मधला जोड-तुकडा स्वस्तात मिळतो. इलेक्ट्रेट माइकला त्याच भोकातून थोडा दाब मिळावा लागतो. मल्टिमीटर असेल तर तो मोजा. काहीच दाब नसेल तर ते कार्ड या माइकसाठी उपयोगाचं नाही.

वीज जाऊन आल्यावर अचानक सगळं थांबलं असेल तर कार्डाचा क्रमांक बदललाय का बघा. बोर्ड सुरू होताना आवाजाच्या साधनांना क्रमांक देतो, आणि तो क्रम दर वेळी तोच राहील याची खात्री नसते. निवड क्रमांकाने न करता कार्डाच्या नावाने करून ठेवली की हा त्रास थांबतो. अल्सामिक्सरमध्ये (बोर्डावरच्या आवाजाच्या पातळ्या ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जाऊन माइकची पातळी शून्यावर तर गेली नाही ना ते बघा, आणि ‘ऑटो गेन’ बंद करा. ते चालू असेल तर खालून मोठा ट्रक गेला की कार्ड आवाज आपोआप दाबतं, आणि पुढचा काही वेळ दयाळ गात असला तरी दबलेलाच येतो.

७. मेमरी कार्ड आणि उष्णता

कार्ड भरलं की नव्या नोंदी थांबतात. जुने आवाज आपोआप काढून टाकायचे की ठेवायचे, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. ठेवायचं असेल तर आवाज वेळोवेळी संगणकावर उतरवून घ्या. कार्ड झिजलेलं असेल तर प्रणाली त्याच्यावर लिहिणं थांबवते आणि फक्त वाचते. पान उघडतं, जुन्या नोंदी दिसतात, नवी एकही येत नाही. अशा कार्डावर दुरुस्तीचे प्रयोग करू नका. आधी नोंदींचा साठा दुसरीकडे उतरवा, मग सतत लेखनासाठी बनवलेलं टिकाऊ कार्ड घाला.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या बंद डब्यात बोर्ड सहज तापतो. ८० अंशांच्या पुढे तो स्वतःहून वेग कमी करतो आणि विश्लेषण मागे पडतं. बोर्ड घरात ठेवून फक्त माइक बाहेर काढणं हा सर्वांत सोपा उपाय.

प्रणाली पुन्हा बसवणं या सगळ्यानंतर, आणि साठा उतरवल्यावरच. वटवाघळांच्या नोंदी येत नाहीत म्हणून मात्र ती बसवू नका. ४८ किलोहर्ट्झच्या ध्वनिमुद्रणात २४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच येत नाही, आणि कीटक खाणाऱ्या बहुतेक वटवाघळांची हाक त्याच्या वर असते. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं.

दुरुस्ती झाली की वहीत तीन गोष्टी लिहा: बिघाड कधीपासून असावा, यंत्र कधी ठीक झालं, कोणते पक्षी त्या काळात ऐकू येणं शक्य नव्हतं. चातक आफ्रिकेतून पावसासोबत येतो. त्याची पहिली हाक जूनमध्ये कधी आली हे पाच वर्षांनी कुणी बघेल तेव्हा रिकाम्या दिवसांसमोर ‘पक्षी नाही’ आणि ‘यंत्र बंद’ हा फरक लिहिलेला हवा.

कुठे थांबायचं

डब्याला किंवा केबलला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, गॅलरीतला सॉकेट ओला झाला, किंवा यंत्र लावलं की घरातला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो, तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. वळवाच्या पावसात जवळ वीज पडल्यानंतर यंत्र बंद पडलं असेल तरी तेच. फुगलेली पॉवर बँक उघडू नका, दाबू नका, चार्जिंगलाही लावू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. माइक कठड्याबाहेर, डक्टमध्ये किंवा पत्र्याच्या छपरावर असेल तर वाकून काढायचा प्रयत्न करू नका, उंचीवर काम करणारा माणूस बोलवा. बोर्डावरची चिप जळाल्याचा वास आला तर बोर्ड बदला. घरी डाग देऊन तो सहसा वाचत नाही.

आणि यंत्र ठीक झाल्यावर एखादं अनपेक्षित नाव आलं तर ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या सार्वजनिक संकेतस्थळावर) टाकण्याआधी तो आवाज स्वतः ऐका, मग पाषाण तलावावर किंवा वेताळ टेकडीवर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या एखाद्या जाणकाराला ऐकवा. फक्त ३ सेकंदांचा तुकडा पाठवू नका, त्याच्या आधीचा आणि नंतरचा आवाजही द्या. एका सुट्या हाकेवरून वटवट्यांच्या जाती ओळखणं जाणकारांनाही अवघड जातं.